हेलकाव्यांचं गणित

साकीनाक्याच्या कारखान्यात फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. शेजारचे काका एवढंच म्हणाले, "घरी ये." ताई गेली, हे त्यांना सांगावं लागलं नाही...

मुलुंडच्या दोन खोल्यांत आई, मी आणि शरयूताई. ताई घाटकोपरच्या कॉलेजात गणित शिकवायची आणि उरलेला वेळ एका यंत्राचं गणित मांडत बसायची. माणसाला चुंबकाच्या नळीत झोपवून त्याच्या आतलं चित्र काढणारं यंत्र. तेव्हा आमच्यापैकी कुणी ते पाहिलंही नव्हतं. तिने मला एकदा समजावलं होतं. शरीराला रेडिओलहरींचे धक्के लागोपाठ दिले की येणारा सिग्नल आधी वेडावाकडा हेलकावतो, मग स्थिरावतो. सगळे तो स्थिरावायची वाट बघतात, सुरुवातीचा भाग टाकून देतात. "त्या हेलकाव्यांतच खूप काही असतं रे. ते समीकरणात पकडता आलं, तर आजारी माणसाला इतका वेळ निपचित पडायला नको." आई मालवणीत विचारायची, "पण मशीन बघलंस तरी काय गो तू?" ताई नुसती हसायची.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. फळ्यावर लिहिताना खडू हातातून निसटू लागला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना दिल्लीला पाठवलं, तिथे ते यंत्र नुकतंच आलं होतं. नळीतून बाहेर आल्यावर तिने मोडक्या हिंदीत आधी हेच विचारलं, की सुरुवातीचे सिग्नल ठेवता का. तंत्रज्ञ म्हणाला, "नहीं मॅडम, वो तो फेंक देते हैं." ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ." डोक्यातल्या गाठीचं तिने नंतर विचारलं.

ऑपरेशनचा उपयोग नव्हता. तरी घरी येऊन ती पुन्हा समीकरणांना भिडली. थोडंच राहिलंय, म्हणायची. मग आकडे विस्कटत गेले... एका दुपारी मी तिचे कागद तिच्या मांडीवर ठेवले. बराच वेळ बघून ती म्हणाली, "कुणी केलंय रे हे? हुशार आहे."

"तूच केलंयस, ताई."

"मला नाही येत असलं," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिले. पुन्हा कधी मागितले नाहीत. तिच्या कॉलेजातल्या सरांनी ते चाळून पाहिले. कागद थांबले तिथून पुढे ताई कुठे जाणार होती, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

घरात ताईचा अलीकडचा एकही फोटो नाही. म्हणून आई दिल्लीच्या यंत्राने काढलेली तिच्या डोक्याची काळी फिल्म कपाटातून काढते, खिडकीच्या उजेडात धरते आणि विचारते, "ह्यात आमचां शरयू खंय आसा रे?"

गाठ सोडून उरलेल्या जागेवर मी बोट ठेवतो.