हनुवटीच्या उंचीवर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. खुर्ची होती त्यांच्या घरात, पण तिच्यावर ओला टॉवेल असायचा. ऐंशीच्या दशकातलं नवी मुंबईचं बेलापूर, निम्म्या इमारती रिकाम्या, संध्याकाळी करायचं काय हा प्रश्नच. तरी काकांना वेळ पुरत नसे. चहा येरझाऱ्या घालत प्यायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर कथा संपेपर्यंत त्यांनी तीन खिडक्यांच्या कड्या दुरुस्त केल्या. आई म्हणाली, "भावजी, टेका की जरा!" तर म्हणाले, "टेकलो की विचार येतात, वहिनी."

विचार एकच होता आणि तो सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होता. काकू गेल्यापासून त्यांची मुलगी सांगलीला मामाकडे राहायची. काका ऑफिसला गेल्यावर पोरीकडे बघणार कोण, असं मामाचं म्हणणं. जरा मोठी झाली की पाठवतो, असं तो दर मे महिन्यात लिहायचा. काका स्वतः तिकडे जात नसत. "गेलो तर तिला घेतल्याशिवाय निघवणार नाही," म्हणायचे. तरुणपणी ते बॉक्सिंग करायचे, आणि इथं होती तेव्हा ही चिमुरडी रोज संध्याकाळी त्यांच्या तळहातांवर ठोसे मारायची. एका पत्रात तिने लिहिलं, बाबा, मी आले की मला स्पीड बॅग हवी. झालं! काकांना कामच मिळालं.

पेरूएवढी नव्हे, पण पेरूच्याच आकाराची, ठोसा बसताच झुलून परत येणारी ती चामड्याची पिशवी आणायला काका मुंबईत धोबीतलावच्या खेळाच्या दुकानात तीनदा गेले. पहिल्यांदा सर्वांत छोटी आणली, कारण ती चपळ. रात्रभर तळमळले, पोरीच्या ठोशात ती सापडायचीच नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी मोठी आणली. ती फारच सुस्त निघाली. तिसऱ्यांदा दिवाळे गावच्या मासळीबाजारात बांगडा दाबून बघावा तशी एकेक पिशवी दाबू लागले, तेव्हा दुकानदार वैतागला. "काका, शिळी नाय हो, आजच आलीये!"

मधली घेतली. ती ज्याच्याखाली टांगायची ती गोल फळी भिंतीला ठोकली, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि पहिल्याच ठोशाला फळी, खिळे आणि वीतभर प्लास्टर खाली आलं. मग भोकं पाडून जाड बोल्ट बसवले. उरला प्रश्न उंचीचा. पिशवीचा फुगीर भाग हनुवटीसमोर हवा. पण मुलगी सांगलीत, मग हनुवटी आणायची कुठून?

तर माझी. आम्ही दोघी एकाच वर्षीच्या. दर सहा महिन्यांनी जिन्यातून हाक यायची, "खाली ये गं, जरा हनुवटी दे!" मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, काका खूण करायचे, फळी दोन बोटं वर सरकायची. मला लाडू मिळायचा. काका आपल्याला शिकवणार, अशी माझी समजूत होती. त्यांनी मला एक ठोसाही मारू दिला नाही. "तिची आहे ती," म्हणायचे.

तीन वर्षांनी मे महिन्यात ती ट्रंक घेऊन आली, कायमची. दारात उभी राहिली तेव्हा मी तिच्या खांद्याला लागत होते. पिशवी तिच्या छातीशी आली. काका पाना हातात घेऊन नुसते उभे राहिले. मग खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि बसले. मी पाहिलेलं ते पहिलं बसणं.

भिंतीवरच्या भोकांच्या रांगेवरून बोट फिरवत तिने विचारलं, "बाबा, एवढी भोकं कशाला?"

"तू इथं वाढत होतीस ना," काका म्हणाले.

ती सगळी उंची माझी होती. मला फार वाईट वाटलं, तिचा हेवाही वाटला. तरी मी काकांना पाना धरायला मदत केली आणि फळी वर चढवली.