बिनदाराची गाडी

क्लिफर्ड ओल्डरॉइडने गाडी निवडायला चार वर्षं घेतली. नवरा निवडायला मला चार आठवडे पुरले आणि तिथेच फसले, असं त्याची बायको एनिड सगळ्यांना सांगायची. इंग्लंडातल्या बार्न्सली गावच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. पोरवयात शर्यतीच्या मैदानावर त्याने एक हिरवी, दोन सीटची गाडी पाहिली होती. तसली खरी गाडी घेणं या जन्मी शक्य नव्हतं. पण तिची हुबेहूब नक्कल सुट्या भागांत मिळते. इंजिन जुन्या फोर्डचं काढायचं आणि घरच्या गॅरेजात सगळं जोडायचं. निवृत्त झाल्या झाल्या त्याने माहितीपत्रकं गोळा केली, गाड्यांचे मेळे पालथे घातले, टेप घेऊन लोकांच्या गाड्यांखाली शिरला.

गाडी झाली की एनिडला घेऊन पहिली फेरी व्हिटबीच्या समुद्रावर, हे पहिल्यापासून ठरलेलं. लग्न झाल्यावर ते तिथेच गेले होते. एनिडचा खुबा मात्र झिजत चालला होता, आणि हृदय इतकं नाजूक की डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढीनात. दर वर्षी चालणं कमी होणार, हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी दोनच गाड्या यादीत उरल्या. एकीला लहानशी दारं होती. दुसरीला नव्हती, काठावरून पाय टाकून आत उतरायचं. एनिड म्हणाली, मला दारवाली बरी वाटते. बाई तेवढंच म्हणाली आणि या शहाण्याने ते पडद्याच्या रंगाबद्दल ऐकावं तसं ऐकलं. मूळ गाडीला दारं नव्हती ना! रविवारी पबच्या आवारात अशाच गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबची मंडळी बेकन सँडविच खात उभी असायची, तिथे त्याने विषय काढला.

"दारं हवीत? मग सरळ किराणा आणायची गाडी घे की," रॉय गॉन्ट म्हणाला.

सगळे खिदळले. क्लिफर्डही हसला, आणि सोमवारी त्याने बिनदाराची मागवली.

जोडायला तीन वर्षं लागली. सरकारी तपासणीत दोनदा नापास झाली, एकदा तर डॅशबोर्डची कड धारदार म्हणून. सुरुवातीला एनिड गॅरेजात चहा आणून द्यायची. मग काठी टेकत, कप हिंदकळत यायची. मग यायची थांबली. त्याला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणून तर तो घाई करत होता. राग येतो असल्या माणसाचा आणि कीवही येते.

मे महिन्यात गाडी पास झाली. एनिड डोक्याला रुमाल बांधून, कोट घालून बाहेर आली. गाडीचा काठ जेमतेम गुडघ्याएवढा, पण तिचा पाय वीतभरही उचलेना. रॉय गाडी बघायला आला होता. त्याने आणि क्लिफर्डने तिला दोन्ही बाजूंनी धरून उचललं. ती कळवळून ओरडली, तसं त्यांनी तिला खाली ठेवलं. श्वास जागेवर येईतो ती बागेच्या कठड्यावर बसून राहिली.

"बाजू कापतो," क्लिफर्ड म्हणाला. "दार बसवतो."

रॉय बुटांकडे बघत राहिला. अख्खी गाडी बाजूच्या पत्र्याआडच्या लोखंडी नळ्यांवरच तोललेली असते. त्या कापल्या की ती मधोमध मोडायची. क्लिफर्डला हे रॉयहून जास्त कळत होतं. मग तो म्हणाला, रोजची गाडी काढू.

"रोजच्या गाडीसाठी मी सात वर्षं थांबले नव्हते, क्लिफ," एनिड म्हणाली. "जा तू. येताना तिथले धुरी दिलेले मासे आण."

तो निघाला, पण व्हिटबीला गेलाच नाही. गावाबाहेर ट्रकवाल्यांच्या चहाच्या गाड्यापाशी दुपार टळेपर्यंत बसून राहिला. मासे बार्न्सलीच्याच बाजारातून घेतले. वरच्या कागदावर दुकानाचं नाव छापलेलं होतं, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

एनिडने पुडकं सोडलं, कागद वाचला आणि घडी करून कचऱ्यात टाकला. मासे गरम करून तिने त्याला वाढले.

"समुद्र कसा होता?"

"होता तसाच आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "एकाने तरी पाहिला."