चिंबोऱ्यांना पसंत पडलेली गाडी

जुनी गाडी बघायला गेले की विकणारा आधी माझ्या मागे बघायचा आणि विचारायचा, "सर नाही आले?" माझं डोकं तिथंच फिरायचं. सर घरी टीव्हीसमोर पाय पसरून बसलेले असायचे. सरांना गाडी चालवता येत नाही, शिकायचीही नाही. गाडी मी घेणार होते, माझ्या पगारातून, आणि चालवणारही मीच. माझ्या मागे असायची ती माझी आई, गुडघ्यावर हात देत चालणारी, काखेत बांबूची रिकामी पाटी घेतलेली.

आईला इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. ती सरळ गाडीच्या मागच्या बाजूला जायची आणि म्हणायची, "उगड रं हे." मागचं दार उघडलं की पाटी आत ठेवायची. मग मागच्या सीटवर बसून हात पाठीमागे टाकायचा आणि पाटीला लागतो का ते बघायचं. लागला नाही की उतरायची. "नको." झालं, संपला विषय. विकणारा बिचारा मायलेज सांगत राहायचा.

या पाटीमागची गोष्ट सांगायला हवी. आम्ही पनवेलच्या खाडीकाठच्या गव्हाणचे. आईनं सगळा जन्म म्हावरं विकण्यात घालवला आणि तिच्या जोडीला तिची मोठी बहीण, माझी मावशी. दोघी एकाच गावात दिलेल्या. आई तिला बाय म्हणते. मावशीच्या यजमानांच्या मागे मुलानं तिला चाकणला नेलं, त्याची नोकरी तिकडे. आई माझ्याकडे करंजाड्याला आली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आई पुण्याची वाट धरायची आणि बहिणीसाठी खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, न्यायची. जिवंत. मेलेली चिंबोरी कोळणीला द्यायची म्हणजे तिच्या तोंडावर थुंकण्यासारखंच.

दोन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याची गाडी केली. ड्रायव्हर पाटी पुढे घेऊ देईना. "पूरी गाड़ी बास मारेगी, मॅडम." डिकीत ठेवायला मात्र कबूल झाला. मे महिना. घाट चढेपर्यंत आई तीनदा म्हणाली, "गाडी थांबव, जरा बगते." तो थांबला नाही. चाकणला डिकी उघडली तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली. एकही नांगी हलत नव्हती. आईनं बहिणीच्या सोसायटीच्या कचरापेटीत पाटी पालथी केली आणि वर जाऊन कुणाशी धड बोललीसुद्धा नाही. परत आल्यावर म्हणाली, "जित्या नेता येतील तवाच जाईन. रिकाम्या हातानं बायच्या दारात उबी रानार नाय."

आणि गेली नाही. आगगाडीचं म्हटलं तर गुडघे पूल चढत नाहीत. एसटीत कंडक्टर पाटी चढवू देत नाही. त्यातच मावशी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. फोनवर तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. दोघी रोज फोनवर भांडायच्या. मावशी म्हणायची, ये. आई म्हणायची, येते, गाडी होऊ दे. आई इतकी हट्टी आहे की तिच्यापुढे मी म्हणजे गरीब गाय. मला धडकीच भरली होती. या हट्टापायी दोघींची भेट राहून गेली तर आई आयुष्यभर आतल्या आत जळत राहील, आणि ते बघत मी जगायचं.

म्हणून गाडी. नवी परवडत नव्हती. छोटीत पाटी तिरकी बसायची. बंद डिकीवाली तर आईनं बघायलाही नकार दिला. "डिकीत मढं नेत्यात, जितं नाय." उंच गाड्यांत तिला चढवेना, आणि त्यांच्या किमती ऐकून मलाही घाम फुटला. राहिली ती लांब पाठीची, स्टेशन वॅगन. तिच्यात मागची सामानाची जागा आणि बसायची जागा एकच, एसीची हवा शेवटपर्यंत जाते. डिझेल असेल तर घाटात ओझं घेऊन कुरकुरत नाही. कळंबोलीचा एक जण हसला. "मॅडम, असल्या गाड्या आता कोण घेतं? वर जुनं डिझेल! माझ्याकडे आली तर मी रडेन." मी म्हटलं, रडा की मग.

खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ती लांब पाठच हवी होती. कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली जागा ही टेम्पोच्या पाठीमागची होती.

मी लहान असताना गव्हाणच्या बायका पनवेलच्या बाजाराला एक टेम्पो करून जायच्या. मागचं फळकूट उघडंच असायचं. आई आणि मावशी अगदी कडेला बसायच्या, पाय बाहेर सोडून, आणि मधे मी. पाठीला ओल्या गोणपाटाचा गारवा. खाडीवरून खारट वारा यायचा. आता तिथं विमानं उतरतात, तेव्हा बगळे उतरायचे. मावशी मोठ्या तोंडाची. मागून सायकलवरून येणाऱ्या मास्तरांना ओरडून सांगायची, "मास्तर, हात लावा न् ढकला!" अख्खा टेम्पो हसायचा. आई तोंडाला पदर लावून हसायची, आणि मास्तर मान खाली घालून पायडल मारायचे. खड्डा आला की दोघी एका हातानं आपापली पाटी धरायच्या आणि दुसऱ्या हातानं माझा फ्रॉक. आधी मला धरायच्या की पाटीला, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. त्या दिवसांची मला इतकी आठवण येते की कधीकधी मच्छी मार्केटात उगीच बर्फाजवळ उभी राहते.

पनवेलच्या जुन्या गावात एका चाचांची गाडी विकायची आहे, असं ऑफिसात कळलं. चाचा लग्नाच्या जेवणाचे आचारी. गाडीतून बिर्याणीच्या देगा न्यायचे. आता हात थरथरतात म्हणून काम सोडलेलं. गाडी राखाडी, एका दाराला पोचा, आणि आत बसलं की अजून केवडा आणि तळलेल्या कांद्याचा वास. त्यांनी "सर कुठे" असं काही विचारलं नाही. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आपा, आरामात बघा. गाडी कुठे पळून जात नाही."

आईनं पाटी ठेवली. सपाट बसली. सीटवर बसून हात मागे टाकला. लागला. मग चाचांनी चावी फिरवली आणि इंजिन धडधडायला लागलं. आईचा हात तसाच मागे राहिला.

"तुज्या बाचं इंजान असंच वाजायचं," ती म्हणाली.

बाबांच्या होडीला डिझेलचं इंजिन होतं. पहाटे खाडीतून तो आवाज जवळ आला की आई चूल पेटवायची. बाबांना जाऊन फार वर्षं झाली. त्यांच्या सदऱ्याला कायम डिझेलचा वास असायचा आणि आम्ही नाक मुरडायचो. त्या दिवशी तो वास आला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चाचांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

वाटलं, जमलं. कसलं काय! आई म्हणाली, "जित्या घालून फिरवल्याबिगर नाय घ्याची."

"आई, लोक गाडी मेकॅनिकला दाखवतात."

"मग दाव की. मी चिंबोऱ्यांना दाकवते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चाचा खूश. "बरोबर आहे आपांचं. मीसुद्धा देग घालूनच घेतली होती."

मेकॅनिकनं गाडी पास केली. मग अवस बघून, म्हणजे चिंबोऱ्या भरलेल्या असतात तेव्हा, आईनं गव्हाणहून ओळखीच्या पोराकडून त्या मागवल्या, नांग्या बांधून, ओल्या गोणपाटात. ऐन दुपारी आम्ही निघालो. मी चालवतेय, शेजारी चाचा, मागे आई पाटीवर हात ठेवून. खालापूरपर्यंत जायचं आणि परत. जाताना सगळं छान. परतताना आई एकदम म्हणाली, "एक सुटली."

"कुठे?" मी किंचाळले.

"ते तिलाच म्हाईत."

चाचांनी दोन्ही पाय सीटवर घेतले. मला पाय वर घेता येईनात, ब्रेक कोण मारणार? पनवेल येईपर्यंत माझ्या घोट्यांना घाम फुटला होता. चाचांच्या घरी येऊन आम्ही पायपुसण्या झटकल्या, सीटा पुढे-मागे केल्या. मिळाली नाही. बाकी सगळ्या ठणठणीत. तरी आई हो म्हणेना. "ज्या हाताखाली हुत्या त्या जगल्या. त्यात काय नवल?" मी इतकी वैतागले की चाचांसमोरच म्हटलं, "आता चिंबोऱ्यांची सही घेऊ का?" गाडी त्यांच्या अंगणात तशीच ठेवून आम्ही घरी आलो. रात्री मी आईशी बोलले नाही.

सकाळी चाचांचा फोन. हसू आवरत नव्हतं त्यांना. "बेटा, आपांना सांग, तुमची पाहुणी सापडली. स्टेपनीच्या खड्ड्यात बसलीय. जिवंत आहे आणि माझ्यावर नांगी उगारतेय."

मी आईला सांगितलं. चहाची बशी तिनं खाली ठेवली.

"रातभर?"

"रात्रभर."

"घे गाडी," आई म्हणाली.

पुढच्या अवसेला आम्ही चाकणला निघालो. घाटात गाडीनं खरंच कुरकुर केली नाही. आई वाटेत दर थोड्या वेळानं गोणपाटावर पाणी शिंपडत होती आणि चिंबोऱ्यांशी बोलत होती, "आता आलंच हां." बहिणीकडे जाताना बाई इतकी आनंदी होते, हे मी विसरूनच गेले होते.

मावशी खाली पार्किंगमध्ये येऊन बसली होती, वॉकर पुढ्यात धरून, सून शेजारी. केवढीशी झाली होती! अख्ख्या टेम्पोला हसवणारी ती बाई, आता तिचे खांदे हँगरवर अडकवल्यासारखे दिसत होते. आईनं तिला मिठी नाही मारली. आधी मागचं दार उघडलं, पाटी काढून तिच्या पायांशी ठेवली आणि गोणपाट बाजूला केलं. चिंबोऱ्यांच्या तोंडाला बुडबुडे येत होते. मावशीनं वाकून एकीच्या पाठीवर बोट ठेवलं. नांगी दोरीत तडतडली.

"जित्या हायत," मावशी म्हणाली.

"मग!" आई म्हणाली. इतका तोरा मी तिच्या तोंडावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मावशीनं मान वर केली. "या किड्यांपायी दोन वर्सं नाय आलीस व्हय गो?"

"मेलेल्या घेऊन कशी येऊ बाय?"

"चिंबोऱ्यांचं बगलंस. मी किती दीस जिती हाय, ते बगलंस का?"

आईचा तोरा कुठल्या कुठे गेला. उभ्या जागी हुंदका फुटला तिला, आणि ती बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागली. मी सुनेकडे बघितलं, सुनेनं लिफ्टकडे. मावशी तिच्या पाठीवर थापटत म्हणत होती, "आता आलीस ना. आता गप." मग डोळे पुसून तिनं उघड्या दारातून गाडीच्या आत नजर टाकली. "केवडी लांब हाय गो! मला बसव तितं."

"पुढे बसा की आई," सून म्हणाली.

"पुडं नाय. मागं. कडंला."

आम्ही दोघींनी तिला उचलून बसवलं. आई तिच्या बाजूला चढली, पण थोडी जागा सोडून. दोघींचे पाय बाहेर लोंबत होते, आईचे सुजलेले, मावशीचे काडीसारखे. मावशीनं मधल्या जागेवर हात आपटला.

"बगत काय ऱ्हायलीस? बस मदी."

पन्नाशी उलटलेली बाई मी, ऑफिसात माझ्या हाताखालची माणसं माझ्या तोंडाला घाबरतात. बसले. गाडी थोडी खाली दबली. समोर सोसायटीची भिंत आणि कुणाचीतरी स्कूटर, ना खाडी ना मास्तर. गाडी उभी होती. खड्डा यायचा प्रश्नच नव्हता. तरी दोन्ही बाजूंनी माझा कुर्ता मागून घट्ट धरला गेला. आईच्या दोन्ही हातांनी, मावशीच्याही दोन्ही.

पाटी खाली फरशीवर होती. तिच्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.