माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण

नांदेडात प्रबंध टाइप करून देणारी दुकानं पुष्कळ. कागद द्यायचे, चहा प्यायचा, चुका तपासून घ्यायच्या. मलाही तेच करता आलं असतं. पण माझे साडू विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकवतात, आणि एका बारशात जेवताजेवता ते म्हणाले, "साडूभाऊ, अजून वर्डमध्येच का?" तेवढ्यावर मी पेटलो.

त्यांनीच माझ्या लॅपटॉपवर लेटेक नावाच्या, पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या प्रणालीचा एडिटर टाकून दिला. डावीकडे आपण लिहायचं, मधेमधे खुणा पेरायच्या, बटण दाबलं की उजवीकडे पुस्तकासारखं पान उमटतं. खुणा मला फारशा कळत नव्हत्या. पान मात्र इतकं देखणं यायचं, की मी वाचायचं सोडून नुसता बघत बसायचो.

मी कंधारला तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. कॉलेजात एक कायम जागा निघणार होती आणि तिला पीएच.डी. लागत होती. विषय घेतला, एस.टी.नं कॉलेजला येणाऱ्या मुली. हिमायतनगरकडच्या गावांत मी आणि बायको फिरलो. पोरी माझ्याशी "हाव सर", "न्हाई सर" एवढंच बोलायच्या. बायकोजवळ मात्र मोकळ्या व्हायच्या. गाडी चुकली की घरी काय ऐकावं लागतं, कुणाचं कॉलेज कशावरून सुटलं, सगळं सांगायच्या. पाचवं प्रकरण म्हणजे तिनं ऐकून आणलेलं हेच. त्यात माझे फक्त आकडे.

मार्गदर्शक सर लातूरचे, निवृत्तीला टेकलेले. कच्ची प्रत चाळून म्हणाले, "पाचवं लई लांबलं. आणि हे टक्के टक्के काय अक्षरी लिहून राहिले? चिन्ह टाका की."

मी एका दणक्यात त्या प्रकरणातले सगळे 'टक्के' काढून % केले. प्रकरण निम्म्याहून कमी झालं. मला वाटलं, चिन्हानं जागा वाचते ती अशी. एडिटरात चिन्हापुढची अक्षरं राखाडी दिसत होती, ती मी सजावट समजलो. सर म्हणाले, "आता कसं आटोपशीर झालं," आणि सही केली. वाचलं त्यांनीही नाही. प्रती बांधून विद्यापीठात दिल्या.

बऱ्याच महिन्यांनी परीक्षकांचा अहवाल आला. पाचव्या प्रकरणातला प्रत्येक परिच्छेद आकड्यापाशी येऊन थांबतो, हा आकडा कशाचा हे संशोधकानं गुप्त ठेवलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. प्रबंध नाकारला.

साडूंना फोन केला. ते हसू दाबत म्हणाले, "त्या चिन्हापासून पुढच्या एंटरपर्यंतचं सगळं लेटेक गाळतं. लिहिणाऱ्याची खाजगी टिपणं समजून. चिन्हाआधी तिरकी रेघ द्यावी लागते."

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं कुठं? मला सगळं येतंय, असं मामांना सांगत होतात."

सासऱ्यांना मी तसं सांगितलं होतं खरं.

रेघा द्यायला अर्धा तास लागला. प्रकरण जसंच्या तसं परत आलं. पण सर निवृत्त झाले होते आणि माझी मुदत संपली होती. नवे मार्गदर्शक म्हणाले, नोंदणी नव्यानं करा, विषयही नवा घ्या. कॉलेजातली जागा तोवर भरली गेली.

बायको मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी हे सगळं तिला विनोद करून सांगितलं. ती हसली नाही.

"त्या पोरींना म्या सांगितलं होतं, सरांच्या पुस्तकात येईल म्हणून. एक तर अजून फोन करती, छापलं का विचारती. तिला काय सांगू?"

"लिहिलंय म्हणून सांग."

"लिहिलंय ते तिला ठाव हाय. आता फोन आला की तुमीच बोला."

गेल्या आठवड्यात तो फोन आला. बायकोनं माझ्या हातात दिला. पोरगी आता लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. मी म्हणालो, छपाई चालू आहे.

"एक प्रत ठेवा सर माझ्यासाठी," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.