आईने सांगितलेलं खोटं नाव

“मुलांनो, नदीचा शत्रू कसा दिसतो ते बघून घ्या.”

सर असं म्हणाले आणि त्यांनी बोट केलं. कॉलेजच्या निसर्ग मंडळातर्फे आम्ही वीसेक जण खराडीच्या नदीकाठी पक्षी बघायला आलो होतो. सगळ्यांनी बोटाच्या दिशेने बघितलं. मीही बघितलं. गुडघाभर चिखलात, साडी वर खोचून, एक बाई पुरुषभर उंचीचं पाणकणसाचं गवत कापत होती.

ती माझी आई होती.

मी तेव्हा एफवायला. आमची वस्ती गावाच्या अगदी खालच्या अंगाला, नदीला लागून. आई पाणकणसाची लांब पाती कापायची, वाळवायची, चटया विणायची. आजीही तेच करायची. त्या चटयांवरच मी कॉलेजात पोचले. पण तिथे मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. खराडीत राहते, एवढंच सांगायचे. खराडी म्हटलं की लोकांना काचेच्या इमारतींतल्या आयटी कंपन्या आठवतात. मला तेच हवं होतं.

सरांनी तिला काठावर बोलावलं.

“बाई, नदी तुमच्या तीर्थरूपांची आहे का?”

“न्हाई साहेब.”

“मग पक्ष्यांची घरं कुणाला विचारून मोडताय?”

“पिल्लं उडून गेली साहेब. दिवाळीनंतर कापतो ते त्यासाठीच. तिकडं एक पट्टा ठेवलाय त्यांना.”

“वा. म्हणजे आता आपण आम्हाला पक्षी शिकवणार.”

मुलं हसली. मी हसले का, आठवत नाही. हसले असेन.

सरांनी कापलेला भारा पाण्यात टाकायला लावला. मग वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. “तुझं अक्षर चांगलं आहे. माफीनामा लिहून घे हिच्याकडून. पुन्हा कापणार नाही म्हणून.”

मी आईसमोर उभी राहिले. हातभर अंतर. तिच्या पोटऱ्यांवर पात्यांचे ओरखडे होते.

“नाव?” मी विचारलं. माझ्या आईला मी तिचं नाव विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

“लिवा ताई,” ती म्हणाली. “शांताबाई मोरे.”

नाव खोटं. आडनावही खोटं. मी लिहिलं.

आईला सही येत होती. मी सातवीत असताना मीच तिला शिकवली होती. पण सरांनी सही मागितल्यावर ती म्हणाली, “सही येत न्हाई.” मी तिच्या अंगठ्यावरचा चिखल माझ्या रुमालाने पुसला, पेनाची शाई लावली, अंगठा कागदावर दाबला. तेवढंच केलं.

संध्याकाळी घरी तिने भाकरी वाढली. म्हणाली, “तू माझी लेक, हे त्या सरांनी वळखलं न्हाई ना?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“बरं झालं.”

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मीही नाही. रोज वाटायचं, उद्या बोलू.

तिने कापणं सोडलं. तिचं बघून वस्तीतल्या बाकीच्या बायकांनीही सोडलं. पाणकणीस जागच्या जागी वाळलं, पडलं, कुजलं. पाण्याला वास मारायला लागला. डास झाले म्हणून समोरच्या सोसायटीने तक्रारी केल्या. मग एक दिवस पोकलेन आलं आणि मुळांसकट सगळं उपसून गेलं. त्या दिवशी सर आले नाहीत.

आई एका आयटी कंपनीत संडास धुवायला लागली. गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर तीनेक महिन्यांनी सरांचा फोन आला. सदाशिव पेठेत एका सभागृहात कार्यक्रम आहे, सूत्रसंचालन करशील का. कॉलेजातही मी करायचे. हो म्हणाले. कशावर आहे, विचारलंही नाही.

पडद्यावर अक्षरं आली. ‘पाणकणसाची शास्त्रशुद्ध कापणी’. सर समजावून सांगत होते. पिल्लं उडाल्यावर कापा. पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापा, खाली कापलं तर खोड कुजतं. दरवर्षी एक पट्टा सोडा. अजिबात कापलं नाही तर सगळं सडतं आणि पाणी मरतं. गावोगावच्या बायकांना आता याचं प्रशिक्षण द्यायचं होतं. लोक माना डोलावत होते.

शेवटी आभार मानायला मी माईकपाशी गेले.

“हे सगळं माझी आई करायची,” मी म्हणाले. “सर, तुम्ही तिला नदीचा शत्रू म्हणालात. तिचा माफीनामा मी लिहिलाय. त्यावरचं नाव खोटं आहे. माझ्या आईचं नाव गिरजा.”

सर शांतपणे म्हणाले, “आपल्या भावना पोचल्या. आभार तेवढे राहिलेत.”

“ते मी मानणार नाही,” मी म्हणाले आणि खाली उतरले. बाहेर जिन्यात बसून रडले. किती वेळ, माहीत नाही. लोक बाजूने उतरून गेले.

नदीच्या खालच्या बाजूला, मांजरी गावाच्या अंगाला, पाणकणसाचं एक बेट अजून शिल्लक आहे. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांना कापणी येते. दर रविवारी मी त्यांच्याकडे विणायला शिकते. बोटं चिरतात. सरांच्या माणसाने प्रशिक्षणाचा फॉर्म आणून दिला होता, प्रमाणपत्र मिळेल म्हणाला. मी तो परत केला.

या दिवाळीनंतर आम्ही तिघी पाण्यात उतरणार. कापण्याचा हक्क आमच्या वस्तीचा आहे, असा अर्ज मी सरकारकडे दिलाय. उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी उतरणार. आईला हे कळणार नाही. तिची माफी मला आता मिळणार नाही, आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाकडे ती मी मागणारही नाही.

मी कापणार.