घोरपडीचा श्रावण

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ऑनलाइन गेमबद्दल नेटवर जो फुकटचा सल्ला मिळतो, तो बहुतेक माणसाला खड्ड्यात घालणारा असतो. ‘कुठलंही पेट घ्या, मजा करा.’ ‘सगळ्या स्किलमध्ये थोडे थोडे पॉइंट टाका.’ ‘डंजनमध्ये बिनधास्त घुसा.’ हे लिहिणारे स्वतः पन्नासाव्या लेव्हलवर आरामात बसलेले असतात आणि नवीन खेळाडू पहिल्याच पायरीवर वटवाघळाच्या हातून मरतो. याचा मी तेव्हाही निषेध केला होता, आजही करते.

या गेमकडे मी वळले ती पाय मुरगळला म्हणून. मुलुंडला आमच्या रस्त्यावरच्या उखडलेल्या फूटपाथविरुद्ध मी पत्रकं वाटत होते आणि वाटता वाटता त्याच फूटपाथवर आपटले. सोबतच्या कार्यकर्त्यांनी आधी फोटो काढला, मग मला उचललं. पुढचे तीन आठवडे पाय उशीवर आणि हातात फोन. गेममध्ये तलवारी होत्या, जादू होती, डंजन म्हणजे राक्षसांनी भरलेली भुयारं होती, आणि सोबतीला पाळायला एक प्राणी मिळायचा. त्याला सगळे पेट म्हणत.

दोन आठवडे यथेच्छ मार खाल्ल्यावर मी पत्रक लिहायला घेतलं. चळवळीत ज्या काकांनी मला पत्रक लिहायला शिकवलं त्यांचा नियम असा, की मथळा रस्त्यापलीकडून वाचता आला पाहिजे आणि मजकूर सिग्नल सुटायच्या आत संपला पाहिजे. त्याप्रमाणे मथळा दिला: ‘नवीन खेळाडूंनो, फसू नका!!!’ खाली मुद्दे. पेट एकच पाळा, आणि स्वतःच्या हातानं भरवा. जो भरवतो त्याच्यावर पेटची निष्ठा वाढते. ते उपाशी राहिलं तर निष्ठेची पट्टी रोज उतरते, आणि शून्यावर आली की पेट जंगलात निघून जातं, कायमचं. आगीच्या चमचमत्या स्किलवर पॉइंट उडवू नका, आधी जखमा भरण्याचं स्किल घ्या. डंजनच्या दुसऱ्या मजल्यावर मोडक्या खांबामागे राक्षस येत नाहीत, दमलात तर तिथे बसा. डंजनमध्ये असेपर्यंत पेटला भूक लागत नाही, तेव्हा घाबरून बाहेर पळत सुटू नका.

माझी सगळी पत्रकं आई तपासते. हेही तिनं चष्मा लावून वाचलं.

“तीन तीन उद्गारचिन्हं कशाला? ओरडतेयस कोणावर?”

“अन्यायावर.”

“एकानं भागेल अन्यायाचं.” मग तिनं पेटच्या मुद्द्यावर बोट ठेवलं. “हे पेट मला पण मिळेल काय गो?”

आईला प्राण्यांचं वेड, हे मला ठाऊक होतं. पण तिला कधी काही पाळता आलं नाही. लग्नाआधी दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, मांजराला जागा कुठली? आणि आता जागा आहे तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लॅमिनेट केलेला नियम आहे. त्या नियमाविरुद्धही मी एक पत्रक काढलं होतं. चेअरमननं ते लॅमिनेट करून नियमाच्या शेजारी लावलं.

तर आईच्या जुन्या फोनवर गेम टाकला. तिला एक अंडं मिळालं. लोकांच्या अंड्यांतून कोल्ह्याची पिल्लं निघतात, पंखवाले घोडे निघतात. आईच्या अंड्यातून निघाली काटेरी घोरपड. जबड्यात दातांच्या दोन रांगा, डोळे पिवळे, आणि अंगाला हात लावला तर आपलंच रक्त कमी.

“कसलं गोड आहे!” आई म्हणाली. त्या क्षणापासून ते बाळ झालं.

बाळ फक्त मासे खायचं. त्याची सोय आमच्या टोळीत होती. गेममध्ये पाच जणांची टोळी करून खेळतात, आणि आमच्यातला एक मुलगा वर्सोव्याचा होता. पावसाळ्यात त्याच्या मामाची बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, म्हणून तो दिवसभर गेममध्ये मासे पकडायचा. मासेमारीच्या स्किलमध्ये आमच्या सर्व्हरवर त्याला तोड नव्हती. “कंटाळा नाही येत रे?” मी एकदा माइकवर विचारलं. “इथं डिझेल लागत नाय,” तो म्हणाला.

तो आईला रोज टोपलीभर रुपेरी मासे पाठवायचा. आई ते एकेक करून भरवायची आणि मला विचारायची, “यातले काटे काढून द्यायची सोय नाही का?” बाळ दोन महिन्यांत बाविसाव्या लेव्हलवर गेलं. माझं पेट, एक शहाणीसुरती घूस, नवव्या लेव्हलवर अडकलेलं. माझं पत्रक कोणी नीट वाचलं असेल तर ते आईनं.

मग श्रावण लागला.

आमच्याकडे श्रावण कडक. महिनाभर मासळी-मटण नाही, कांदा-लसूणही सोमवारी नाही. मी स्वतः पाळत नाही, हे इथे जाहीर करते. आईला ते माहीत आहे, फक्त तिनं कधी विचारलेलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी बघते तर आई बाळासमोर रानकंद ठेवून बसलेली आणि बाळ तो थुंकतंय.

“आई, हे काय चाललंय?”

“आजपासून श्रावण.”

“आई, तो प्राणी खोटा आहे. मासेसुद्धा खोटे आहेत.”

“पण भरवते मी ना? माझा हात खोटा आहे?”

सभेत मुद्दे संपले की मी घोषणा देते. तिथे तेही करता येईना. मी वर्सोव्याच्या पोराला माइकवर घेतलं.

“काकू,” तो म्हणाला, “घोरपडीला कसला गो श्रावन? तिला म्हावरं द्यायला पायजे. जात हाय तिची ती.”

“मेल्या, माझ्या घरात राहते ना? मग माझ्या घरचं खाईल.”

“ती जंगलात जाईल.”

आईनं निष्ठेची पट्टी बघितली. सकाळी हिरवी होती, आता कडेला पिवळी पडली होती. रोज एवढी उतरली तर श्रावण संपायच्या कितीतरी आधी बाळ जाणार, हे कळायला गणित लागत नव्हतं. तिनं बाळाच्या डोक्यावरून बोट फिरवलं, तिचं थोडं रक्त कमी झालं, आणि ती भाजी निवडायला उठली.

माझं डोकं फिरलं. चूक आईची नव्हतीच! ज्या कंपनीनं हा गेम बनवला तिला या देशात लोक श्रावण पाळतात एवढं कळू नये? मी मागणीपत्र लिहिलं. ‘मांसाहारी पेटना सणावारी शाकाहारी पर्याय मिळालाच पाहिजे!’ टोळ्याटोळ्यांत फिरून सह्या घेतल्या. गेममधल्या बाजाराच्या चौकात धरणं धरलं. अकरा खेळाडू, नऊ पेट आणि एक माणूस जो नुसता कोणीतरी बसलंय म्हणून बसला. तासाभरात कोणीतरी येऊन आम्हाला खुर्च्या विकून गेलं. कंपनीचं उत्तर आलं: ‘आपल्या उत्साहाबद्दल आभार. कृपया गेम बंद करून पुन्हा सुरू करून पाहा.’

“करून बघितलंस?” आईनं विचारलं.

“आई, हा अपमान आहे.”

“असेल. पण करून बघितलंस का?”

शेवटी तोड वर्सोव्याच्या पोरानं काढली. टोळीतल्या माणसाकडे पेट सांभाळायला देता येतं. श्रावणभर बाळ त्याच्याकडे राहील, मासे तो भरवेल, आईच्या हाताला विटाळ नाही. मी म्हटलं, मीच सांभाळते की! आई म्हणाली, “एकाच छपराखाली? आणि तुझी ती घूस बघ, बरगड्या मोजता येतात.”

यात एक खोच होती, आणि आईला ती माझ्याच पत्रकामुळे माहीत होती. जो भरवतो, निष्ठा त्याची. बाळाच्या अंगावर आता दोन पट्ट्या दिसणार होत्या, एक आईच्या नावाची, एक त्याच्या. त्याची पट्टी आईच्या पुढे गेली की बाळ त्याच्या मागे चालू लागेल आणि परत बोलावलं तरी येणार नाही. आईनं तरीही दिलं. देताना त्याला सतरा सूचना केल्या. त्यातली एक, “झोपताना दिवा चालू ठेव,” गेममध्ये शक्यच नव्हती.

रोज संध्याकाळी ती पट्ट्या बघायची. त्याची वाढत होती. “चांगला सांभाळतो हो पोरगा,” असं ती म्हणायची, आणि आवाज असा की चांगलं सांभाळणं हाच त्याचा गुन्हा.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ गेला, आणि दोन दिवसांनी मामाची बोट खोल पाण्यात निघाली. पोरगाही गेला. एका फेरीला आठ-दहा दिवस, आणि तिकडे फोनला रेंज नसते. निघायच्या गडबडीत बाळाला परत करायचं तो विसरला. आमच्या हे लक्षात आलं तेव्हा बाळ चार दिवसांचं उपाशी होतं आणि दोन्ही पट्ट्या तळाला टेकल्या होत्या. दोघांच्या नावाची एकेक रेघ, बस्स.

आईनं बाळाला परत बोलावलं. बाळ आलं, ओळख दाखवली. पण आता भरवायचं काय? टोपलीत अजून मासे होते. आईनं टोपली उघडली आणि मिटली. श्रावणाचे नऊ दिवस बाकी होते.

“तू लिहिलंयस ना,” ती एकदम म्हणाली, “डंजनमध्ये भूक लागत नाही म्हणून?”

“लिहिलंय, पण...”

“मग आम्ही तिथेच राहतो.”

आणि माझी आई श्रावण संपेपर्यंत डंजनमध्ये राहायला गेली. मी तिला आणि बाळाला घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. वाटेत राक्षसांनी तिला इतकं झोडपलं की मी जखमा भरण्याचे सगळे पॉइंट तिच्यावर संपवले, आणि ती मधूनच राक्षसांना मालवणीत शिव्या घालत होती. मोडक्या खांबामागे पोचल्यावर तिनं आजूबाजूला बघितलं. “ओल आहे जरा,” ती म्हणाली. “पण हवा येते.”

अट एकच होती, गेम बंद पडता कामा नये. बंद पडला की बाहेर, आणि परत शिरायला पूर्ण एक दिवस थांबावं लागतं. आईचा फोन इतका जुना की नुसता कॉल आला तरी गेम बंद. मी म्हटलं, सिम काढून ठेवू. “सिलिंडरचा ओटीपी त्याच्यावर येतो,” आई म्हणाली. मग फोन ओट्यावर, चार्जरला लावलेला, आणि साऱ्या नातेवाइकांना निरोप गेला की कोणी कॉल करायचा नाही, मेसेज करा. त्यामुळे व्हायचं तेच झालं. घाटकोपरची मावशी काय झालं म्हणून रिक्षा करून घरी आली. बाबांना अंधेरीच्या ऑफिसातून ‘दही आणू का’ हेसुद्धा लिहून विचारावं लागे, आणि ते बिचारे पूर्ण वाक्यात लिहीत: ‘येताना दही आणण्याची आवश्यकता आहे काय?’

असे सहा दिवस गेले. आई पोळ्या लाटायची आणि मधे मधे ओल्या हातानं बाळाकडे बघायची. मी डंजनमध्ये पहाऱ्याला. फूटपाथच्या मीटिंगला निदान तोंड तरी दाखवा, असे मला मेसेज येत होते, आणि मी ‘कौटुंबिक अडचण’ असं उत्तर देत होते. ते खरंच होतं.

सातव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

आईनं लाटणं टाकलं. स्क्रीनवर वर्सोव्याच्या पोराचा नंबर. बोट धक्क्याला लागली होती, फोनला रेंज आली होती, आणि त्याला पहिली आठवण बाळाची झाली होती.

“काकू! माफ करा हां, मी पार इसरलो. बाल कुठं हाय?”

“तुझ्या तोंडात शिरा पडो,” आई म्हणाली आणि स्पीकर लावून गेम उघडला. दोघं भुयाराच्या तोंडाशी, बाहेर, उन्हात. बाळाची उरलेली रेघ लाल होऊन लुकलुकत होती. लुकलुकायला लागली की दहा मिनिटं. श्रावणाचे अजून तीन दिवस.

“दे ना, काकू, माझ्याकडं,” तो म्हणाला. “मी भरवतो लगेच. तुमचा श्रावन पन मोडाचा नाय.”

“आई, त्याची आणि तुझी पट्टी सारखी आहे,” मी म्हटलं. “त्यानं एक मासा दिला तरी...”

“कळतं मला.”

“चालंल ना, काकू,” स्पीकरवरून तो समजावत होता, अगदी मनापासून. “माझी सवय झालीय त्याला.”

आईचा चेहरा मी पत्रकं वाटताना बघितलेल्या कुठल्याच माणसासारखा नव्हता. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. देवघराचं दार लोटून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

“तू तिकडे तोंड कर.”

“कशाला?”

“कर म्हटलं ना!”

मी खिडकीकडे वळले. मागून टोपली उघडल्याचा आवाज आला. मासा भरवल्याचा आवाज काही येईना. मला वाटलं, झालं, धीर सुटला. मी हळूच मान वळवली. आई चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून एकेक मासा वर-खाली करत होती.

“काकू? देताय ना?” तो विचारत होता.

“थांब रे जरा,” आई म्हणाली. “यातला सगळ्यात मोठा कुठला? मोडायचाच आहे तर बोटभर मासळीवर कशाला मोडू?”