व्हीआरमधल्या गटारात झुरळं नव्हती

व्हीआरचा हेडसेट माझ्या तोंडावरून निघाला आणि मुकादमानं तो हातात घेतला नाही.

रांगेत माझ्यामागं तोच होता. पुण्याहून आलेला ट्रेनर हेडसेट पुढं धरून उभा. मुकादमानं हात खिशात घातला आणि म्हणाला, "ह्येच्या तोंडाचं मी न्हाय लावणार. गटारातलं तोंड हाय ते."

हॉल हसला. माझे तिघे जोडीदारही हसले. ते माझ्यासारखेच गटाराच्या चेंबरमध्ये उतरणारे. त्यांचा राग नाही मला, न हसून जाणार कुठं? ट्रेनरनं बाटली काढली आणि हेडसेट तीनदा पुसला. माझ्याआधी ठेकेदाराच्या मॅनेजरनं तोच लावलेला, तेव्हा बाटली बॅगेतून बाहेरसुद्धा आली नव्हती.

मी त्या दिवशी दोनदा साबण लावून आंघोळ केलेली. बायकोनं शर्टाला इस्त्री करून दिली होती. ट्रेनिंग आहे, नवी मशीन आहे, असं तिला मीच कौतुकानं सांगितलं होतं. लाज वाटते आता त्या कौतुकाची.

कोल्हापुरातल्या ड्रेनेजचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडं मी अठरा वर्षं आहे. चेंबर तुंबलं की झाकण उघडायचं, कमरेला दोर बांधायचा, उतरायचं. आमची एक पद्धत आहे. पहारीनं झाकण सरकवलं की लगेच पाय टाकायचा नाही. थांबायचं. आतली झुरळं जिवंत वर आली तर ठीक. नाही आली तर आत गॅस आहे, उतरायचं नाही. शिवाजी पेठेत एकदा माझा थोरला भाऊ थांबला नाही. मुकादम वरून ओरडत होता, "वाहतूक खोळंबलीया, उतर की!" भाऊ उतरला. दोर माझ्या हातात होता. ओढला तेव्हा नुसतं ओझं वर आलं.

म्हणून व्हीआरमध्येही मी थांबलो.

डोळ्यांपुढं रस्ता आला, चेंबर आलं. सगळं स्वच्छ. वास नाही. हातातल्या कांडीचं बटण दाबलं, झाकण सरकलं. मी काठावर उभा. मला जे दिसत होतं ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळा हॉल बघत होता.

"काका, उतरा ना," ट्रेनर म्हणाला.

"थांबा. झुरळं आली न्हाईत अजून."

असा हशा पिकला की मला वाटलं छत पडतंय. डोळे झाकलेले, कोण कोण हसतंय तेही दिसेना. ट्रेनर हसत म्हणाला, "काका, यात झुरळं टाकलेली नाहीत." मुकादम ओरडला, "एवढं शिकवूनबी झुरळाचीच अक्कल!" वेळ संपली. पडद्यावर लाल अक्षरं आली. मी नापास.

मग हेडसेट काढला, आणि पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

जेवणाआधी मॅनेजरनं कागद वाटले. "सह्या करा आन् जेवायला चला." त्यानं आधी माझा हेडसेट घातलेला फोटोही काढून घेतला होता. जोडीदारांनी पटापट सह्या केल्या. मी सातवीपर्यंत शिकलोय. मी वाचायला लागलो.

"वाचतोस काय? लग्नाची पत्रिका हाय व्हय ती?"

कागदावर लिहिलं होतं: मला चेंबरमध्ये उतरण्याचे पूर्ण प्रशिक्षण मिळाले असून मी स्वतःच्या जबाबदारीवर व स्वखुशीने उतरत आहे. खाली शेरा छापलेला. उत्तीर्ण.

मी म्हणालो, "सायेब, मी तर नापास झालोय."

"आरं, त्ये खेळातलं. हितं पास हायस. कर सही."

डोक्यात रक्त चढलं. उतरायचं कसं हे शिकवायला ती मशीन आणलीच नव्हती. उद्या मी आत मेलो तर हा फोटो आणि ही सही दाखवायची होती. शिकवला होता, खुशीनं उतरला, त्याचीच चूक. असं माणसाला गटारात उतरवायला कायद्यानं बंदी आहे, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. भावाच्या वेळीही नाही.

मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"कागद ठेव हितं."

"न्हाई ठेवत."

"मग उद्यापास्नं येऊ नको. धा जण उभं हायत तुझ्या जागी."

"हायत. त्यास्नी आधी मी ह्यो कागद वाचून दाखवतो."

मॅनेजर खुर्चीतून उठला. मुकादमानं माझी कॉलर धरली. ज्या तोंडाची किळस, त्याच्याखालची कॉलर धरायला त्याला काही वाटलं नाही. मी हात झटकला आणि जेवणाच्या वासातनं उपाशी बाहेर आलो.

काम गेलं. पण कागद माझ्याकडं आहे. कायद्याचा कागदही आता मिळवलाय. ह्या गावात जिथं झाकण सरकेल तिथं मी जाणार. उतरणाऱ्याला दोन्ही वाचून दाखवणार. त्याच्या कमरेचा दोर मी स्वतः सोडणार, आणि मुकादमाला म्हणणार, आता तू उतर.